शहाळ्याच्या पाण्यात वाढणाऱ्या यीस्टच्या कलिका कशा मोजाव्यात

पहाटे माडावरून उतरवलेली माडी दुपारपर्यंत फेसाळते, कारण तिच्यातील यीस्ट साखरेवर वाढत असते. या यीस्टची पेशी मधोमध दुभंगत नाही, तर तिला बाजूने कलिका फुटते, आणि कलिकेच्या आकारावरून पेशी विभाजनाच्या कोणत्या टप्प्यात आहे हे शाळेतील सूक्ष्मदर्शीखालीही ओळखता येते. माडीत जिवाणूही भरपूर असल्याने मोजणीसाठी मात्र बेकरीतील कोरडे यीस्ट घ्यावे.

सुमारे २०० मिलिलिटर शहाळ्याचे पाणी उकळून, झाकून, कोमट होऊ द्यावे. कढत पाण्यात यीस्ट मरते. त्यात चमचाभर साखर व अगदी चिमूटभर यीस्ट घालून बाटलीच्या तोंडावर फडके सैलसर बांधावे. बूच घट्ट लावल्यास कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने बाटली फुटू शकते.

चार तासांनी द्रव ढवळून एक थेंब काचपट्टीवर घ्यावा, आच्छादक काच ठेवावी आणि ४०० पट मोठे करून पाहावे. २०० पेशींची नोंद तीन गटांत करावी: कलिका नसलेल्या, लहान कलिका असलेल्या आणि मातृपेशीच्या निम्म्याहून मोठी कलिका असलेल्या. पहिल्या गटातील पेशीने अजून विभाजन सुरू केलेले नसते. कलिका फुटते त्याच सुमारास डीएनएची प्रत काढणे सुरू होते. मोठ्या कलिकेच्या टप्प्यावर गुणसूत्रे मातृपेशी व कलिका या दोघींत वाटली जातात. कलिका कधी कधी मातृपेशीच्या वर किंवा खाली दडलेली असते, म्हणून प्रत्येक पेशीवर फोकस हळूहळू खाली-वर करावा. माझ्या मते मोजणीतील बहुतेक चुका येथेच होतात. पेशींचे घोळके वगळावेत.

हीच बाटली आणखी दोन दिवस ठेवून पुन्हा मोजावे. अन्न संपत आल्यामुळे आता बहुतेक पेशी कलिकेविना दिसतील, कारण उपाशी पेशी वाटेत कोठेही न थांबता विभाजन सुरू करण्याच्या उंबरठ्यावरच थांबते.

हा उंबरठा ओलांडण्यासाठी सीडीसी२८ हे जनुक लागते. १९७० च्या सुमारास अमेरिकेतील सिएटलमध्ये जनुकशास्त्रज्ञ लेलँड हार्टवेल यांनी २३ अंश सेल्सियसला वाढणारी, पण ३६ अंशांना विभाजन थांबणारी उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेली) यीस्ट शोधली आणि पेशी कोणत्या आकारात अडकतात यावरून जनुकाचे काम ताडले. सीडीसी२८ बिघडले, तर पेशी कलिकेविना थांबते. सीडीसी४ बिघडले, तर डीएनएची प्रत न निघताच कलिकांवर कलिका फुटतात. या कामासाठी त्यांना २००१ मध्ये पॉल नर्स व टिम हंट यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

बेकरीच्या यीस्टमध्ये ही जनुके शाबूत असल्याने ते ३६ अंशांना अडकत नाही. म्हणून मालवणच्या मे महिन्यातील उकाड्यातही हा प्रयोग करावा, फक्त बाटली उन्हात ठेवू नये.