रेडिओग्राफी कॅमेऱ्याचं रेकॉर्ड कसं ठेवायचं

रेडिओग्राफी कॅमेरा म्हणजे आतल्या किरणोत्सारी सोर्सने वेल्डिंगसारख्या कामातले दोष तपासायचं यंत्र. त्यावर देखरेख ठेवणाऱ्या एईआरबीचं (अणुऊर्जा नियामक मंडळ) ऑफिस इथंच मुंबईत अणुशक्तीनगरला आहे पण हेलपाटे मारायची गरज नाही, बहुतेक सगळं त्यांच्या ई-लोरा या ऑनलाइन पोर्टलवरच होतं. लायसन, आरएसओचं (रेडिएशन सेफ्टी ऑफिसर) नाव, सोर्सचा नंबर एकदा नीट जुळवून घ्या, मग रोजचं सोपं.

खरं काम लॉगबुकचं. कॅमेरा पिटमधून (तो ठेवायच्या सुरक्षित खड्ड्यातून) निघाला की तारीख, वेळ, कोणी नेला, कुठल्या साईटवर, आणि परत ठेवताना सर्व्हे मीटरचं (किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र) रीडिंग, हे सगळं तेव्हाच लिहायचं, शनिवारी बसून आठवडाभराचं एकाच पेनाने भरलेलं पान लगेच कळतं हो! सोर्समधल्या इरिडियम-१९२ ची ताकद साधारण ७४ दिवसांत निम्मी होते, म्हणून आजची अ‍ॅक्टिव्हिटी (उरलेली ताकद) पण टाका.

टीएलडी बॅज (अंगावर लावायचा, किरणांचा डोस नोंदवणारा) वेळेवर तपासायला पाठवा, डोसचे रिपोर्ट जपून ठेवा, डोस वर्षाला ३० मिलीसीव्हर्टच्या (डोस मोजायचं एकक) वर जाता कामा नये आणि पाच वर्षांची सरासरी २० च्या आत हवी.

सोर्स हरवला किंवा अपघात झाला तर आधी आरएसओला फोन, आणि एईआरबीला २४ तासांत कळवायचंच, २००४ च्या नियमांत तसं आहे. "सापडेल संध्याकाळपर्यंत" म्हणत थांबू नका. २०१० ला दिल्लीत मायापुरीच्या भंगारात किरणोत्सारी कोबाल्ट-६० गेलं आणि एक माणूस दगावला.