हातापायांतले ‘जादा’ आणि ‘गायब’ स्नायू: तपासताना या चुका टाळा

इसवण (सुरमई) कापताना विळी मनगटाजवळ लागली म्हणून कोणी आलं, की आपण डॉक्टर बाकीची बोटं सरळ धरून एकेक बोट वाकवायला सांगतो. करंगळी मधल्या सांध्यात वाकत नाही आणि केसपेपरवर ‘टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटला’ असं लिहून रुग्णाची बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, रवानगी होते. पण कित्येकांची करंगळी जन्मापासून तशीच असते. तिचा वरचा टेंडन अनामिकेच्या टेंडनला जोडलेला असतो, क्वचित नसतोच. तेव्हा अनामिका मोकळी सोडा आणि आता करंगळी वाकते का ते बघा. मग दुसरा हात तपासा. तोही असाच निघाला तर संशय कमी होतो. मात्र असे फरक एकाच हातात असू शकतात. जखम खोल असेल तर ती उघडून बघण्याला पर्याय नाही.

दुसरी चूक महागात पडते. ग्राफ्टसाठी, म्हणजे दुसरीकडे जोडायला, पामॅरिस लाँगस या पुढच्या हातातल्या बारीक स्नायूचा मनगटाजवळचा टेंडन घेतात, कारण तो नसल्याने हाताचं फारसं अडत नाही. पुस्तकांत साधारण 15 टक्के लोकांत तो नसतो असं असतं, पण समाजागणिक हा आकडा बराच बदलतो. नसला, की त्या जागी कातडीखाली सापडते ती मीडियन नर्व्ह, हाताची एक मुख्य नस! टेंडन समजून ती काढल्याच्या घटना जगभर नोंदल्या आहेत. म्हणून भूल देण्याआधी रुग्णाला अंगठा करंगळीला टेकवून मनगट वाकवायला सांगा आणि टेंडन उठून दिसला तरच पेनने खूण करा. इतकं साधं काम घाईत राहून जातं.

मनगटाच्या मागची प्रत्येक मऊ गाठ गँग्लियन (सांध्याजवळची द्रवाने भरलेली गाठ) नसते. बोटं ताणताना विरोध केल्यावर ती घट्ट झाली, तर बहुधा तो हाताच्या पाठीवरचा जादा स्नायू आहे. सुई खुपसू नका, सोनोग्राफी करा.

पायाचं म्हणाल, तर सासष्टीच्या मैदानांवर फुटबॉल खेळणारी पोरं डोळ्यांसमोर आणा. घोट्याच्या आतल्या बाजूला, अकिलिस टेंडनच्या (टाचेमागच्या जाड टेंडनच्या) पुढे फुगवटा. धावलं की दुखतो, बसलं की थांबतो. ‘ट्यूमर’ हा शब्द ऐकून घरचे हादरतात. जादा सोलियस (पोटरीतला) स्नायू नेमका असाच, बहुतेक वेळा तरुणपणी, लक्षात येतो. एमआरआयमध्ये तो शेजारच्या स्नायूसारखाच दिसतो. दुखत नसेल तर काहीच करावं लागत नाही, आणि बायोप्सी तर एमआरआयआधी नकोच.