शर्यतीच्या कुत्र्यांची जोडी निवडताना या चुका टाळा

जत्रेच्या मैदानात एखादा नर सुटला आणि गुलाल घेऊन गेला, की संध्याकाळपर्यंत त्याच्या मालकाचा फोन थांबत नाही. शिरूर, दौंड, इंदापूर, थेट खेडपासून विचारणा होते, ‘आमची मादी हीटवर आलीय, नर लावून द्याल का?’ पिल्लं होतात, दीड वर्ष त्यांना जीव लावून वाढवलं जातं आणि मग कळतं की सातांतलं एकच पळतंय. दोष नशिबावर जातो. माझ्या मते बहुतेक वेळा चूक जोडी जुळवतानाच झालेली असते, आणि तिचं मूळ एकाच सवयीत आहे: जिंकलेली पिल्लं सगळ्यांच्या तोंडी असतात, न पळालेल्या भावंडांची मोजदाद कुणीच ठेवत नाही.

गुलाल बघून नर ठरवणं

पहिला नंबर ही फसवी गोष्ट आहे. समोर कोण होतं, सुटताना कुणाचा धक्का लागला, माती ओली होती की भुसभुशीत, यावर नंबर ठरतो. आयर्लंडच्या ग्रेहाउंड या शर्यतीच्या विदेशी जातीवर झालेल्या एका अभ्यासात धावण्याच्या वेळेची आनुवंशिकता (कुत्र्याकुत्र्यांतल्या फरकात रक्ताचा वाटा किती, ते शून्य ते एक या मापात) सुमारे ०.३ निघाली, तर क्रमांकाची ०.१ च्या आसपास. म्हणजे बापाचा नंबर पिल्लांबद्दल फारसं काही सांगत नाही, त्याची वेळ थोडं जास्त सांगते. आणि वेळेतलाही मोठा वाटा खुराक, सराव आणि संगोपनाचा असतो, हे विसरायचं नाही.

म्हणून नर बघायला जाल तेव्हा ढाली आणि फोटो बाजूला ठेवायला सांगा. सपाट रानात चुन्याच्या दोन रेघा मारा, अंतर टेपने मोजा, आणि दोन्ही रेघांवर एकेक मोबाइल तिवईवर लावून स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा. नाक रेघेवर आलं की वेळ धरायची. हाताने घड्याळ दाबण्यात अर्धा सेकंद सहज इकडेतिकडे होतो, आणि तेवढ्यात पळणारं कुत्रं आठ मीटर जातं. एका पळीवर विश्वास नको; वेगवेगळ्या दिवशी, विश्रांती देऊन, चार-पाच नोंदी घ्या.

मग मालकाला खरा प्रश्न विचारा: आजवर या नराची एकूण पिल्लं किती, त्यांतली पळायला किती लागली, बाकीची कुठे आहेत? चाळीस पिल्लांत तीन चांगली आणि आठ पिल्लांत तीन चांगली, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय नावाजलेल्या नराकडे लोक आपली सर्वांत चांगली मादी घेऊन येतात, त्यामुळे पिल्लांचं अर्धं श्रेय आईचं असूनही ते बापाच्या खात्यावर जमा होतं. ऑस्ट्रेलियाच्या फर्नांडो बेलसारखा ट्रॅकवरही अव्वल आणि बाप म्हणूनही अव्वल असा कुत्रा क्वचितच निपजतो. बरेच चॅम्पियन बाप म्हणून साधेच निघतात, आणि कधी कधी चॅम्पियनचा न गाजलेला सख्खा भाऊ त्याच्याइतकीच चांगली पिल्लं देतो.

मादी ‘घरचीच आहे’ म्हणून वापरणं

ही मला सगळ्यांत मोठी चूक वाटते. नरासाठी माणसं शंभर किलोमीटर गाडी चालवतात आणि मादी मात्र दारात बांधलेली, तीच लावतात. प्रत्येक पिल्लाला निम्मे गुणसूत्र आईकडून येतात. नर पिल्लाचं एक्स गुणसूत्र फक्त आईचं असतं, आणि पेशींना ऊर्जा पुरवणारी मायटोकॉन्ड्रिया तर सगळ्याच पिल्लांना आईकडूनच मिळतात. त्यावर पहिल्या दोन महिन्यांचं दूध, ऊब आणि वागणं शिकवणं तिचंच.

मादीची वेळ नसेल, ती कधी पळालीच नसेल, तर तिच्या भावा-बहिणींकडे बघा. पाच भावंडांतली चार बरी पळणारी असतील, तर ती मादी मला एकट्या चमकलेल्या मादीपेक्षा जास्त मोलाची वाटते. तिचा स्वभावही तपासा. आमिषामागे शेवटपर्यंत जाते की मध्येच मान वळवून शेजारच्या कुत्र्याच्या अंगावर जाते? भित्री, आवाजाला दबकणारी मादी पिल्लांनाही दबकायला शिकवते.

एकाच रक्तात फिरत राहणं

आपल्याकडे एखादा चांगला नर आला की दोन-तीन तालुक्यांत त्याचीच पिल्लं होतात, आणि पुढच्या पिढीत नकळत भाऊ-बहीण एकत्र येतात. हिशोब सोपा आहे. सख्ख्या भावंडांच्या मेटिंगमधून होणाऱ्या पिल्लात रक्तसंबंधाचं प्रमाण २५ टक्के, सावत्र भावंडांच्या १२.५, सख्ख्या चुलत-मावस भावंडांच्या ६.२५. कागदावर चार पिढ्या लिहून काढा; एकच नाव दोन्ही बाजूंना दिसलं तर थांबा. पिल्लांची संख्या घटणं, मेलेली किंवा अशक्त पिल्लं, वळू नराचं वीर्य कमकुवत निघणं, ही लक्षणं दिसू लागली म्हणजे हे आधीच खूप झालेलं असतं. कारवानी आणि पश्मी या आपल्याकडच्या शिकारी जातींच्या बाबतीत तर जात टिकवायची म्हणून बाहेरचं, पण त्याच जातीचं रक्त शोधणं फार गरजेचं आहे.

वेगवान अधिक वेगवान, हा हिशोब

वेग वाढावा म्हणून कारवानी मादीला ग्रेहाउंड लावतात. पहिली पिढी अनेकदा खरंच देखणी आणि चपळ निघते. चूक पुढे होते: त्याच मिश्र पिल्लांची आपसात जोडी लावली जाते. दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात, एक पिल्लू आजीवर, एक आजोबावर, एक कुणावरच नाही. पहिल्या पिढीवर खूश होऊन ‘नवीन जात’ काढायला जाऊ नका.

व्हिपेट जातीतलं एक उदाहरण यासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की मायोस्टॅटिन या स्नायूंची वाढ आवरणाऱ्या जनुकातल्या एका बदलाची एक प्रत असलेले व्हिपेट जास्त वेगवान असतात. पण दोन प्रती आल्या की कुत्रा मान-खांद्याला प्रचंड फुगलेला, बेढब स्नायूंचा होतो. असे दोन वेगवान वाहक एकत्र आणले तर दर पिल्लामागे तशी शक्यता २५ टक्के.

लंगडणाऱ्या कुत्र्याबद्दलही थोडं. परदेशी ट्रॅकवर कुत्री सतत डावीकडे वळत पळतात, त्यामुळे मागच्या उजव्या पायाचं हॉकमधलं (घोट्याच्या सांध्यातलं) हाड मोडण्याचं प्रमाण जास्त. अशा दुखापतीने निवृत्त झालेल्या कुत्र्याला नाकारायचं कारण नाही. सरळ मैदानात, वारंवार, भावंडांसकट दुखापती होत असतील तर मात्र ती जोडी नको.

मादी रिकामी राहिली तर

‘हीट सुरू झाल्यापासून दहाव्या-बाराव्या दिवशी लावा’ हा ठोकताळा बऱ्याच माद्यांना लागू पडत नाही. काही सातव्या दिवशी तयार असतात, काही विसाव्यानंतर. रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक दर दोन दिवसांनी तपासा. ते मिलिलिटरमागे ५ नॅनोग्रॅमच्या आसपास गेलं की अंडी सुटत असतात, आणि ती पक्व व्हायला आणखी दोनेक दिवस लागतात; मेटिंग त्या सुमारास. व्यायचा दिवस अंडी सुटल्यापासून साधारण ६३ दिवसांनी धरा.

मेटिंगआधी दोघांचीही ब्रुसेला कॅनिस या जिवाणूची तपासणी करा. त्याचा रोग उशिरा गर्भपात घडवतो आणि माणसालाही होतो. गायी-म्हशींसाठी होणारी रोझ बंगाल चाचणी कुत्र्यांमधला हा जिवाणू पकडत नाही, तेव्हा ‘ब्रुसेला निगेटिव्ह’ एवढ्यावर समाधान मानू नका, कोणती चाचणी केली ते डॉक्टरांना विचारा. रिपोर्ट बघताना आणखी एक: ग्रेहाउंडमध्ये प्लेटलेट्स मुळातच इतर कुत्र्यांपेक्षा कमी असतात. केवळ त्या आकड्यावरून गोचीड ताप ठरवून औषधं सुरू करू नयेत.

उरलेल्या पिल्लांचा विचार नंतर करणं

कायदा थोडक्यात. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार मादी किमान १८ महिन्यांची हवी, आठ वर्षांनंतर तिची पिल्लं घ्यायची नाहीत, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं नाहीत, आणि आठ आठवड्यांआधी पिल्लू विकायचं नाही. जिवंत ससा सोडून सराव देणं हा गुन्हा आहे, पैज लावणंही. आमिष म्हणून दोरीवर ओढलेली चिंधी पुरते.

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये २०१६ च्या चौकशी अहवालाने सांगितलं की त्याआधीच्या १२ वर्षांत ४८,८९१ ते ६८,४४८ ग्रेहाउंड पुरेसे वेगवान नाहीत किंवा शर्यतीला योग्य नाहीत म्हणून मारले गेले. आपल्याकडे ती रस्त्यावर सोडली जातात, महामार्गाच्या कडेला हाडं दिसेपर्यंत फिरतात. म्हणून मेटिंगआधीच न पळणाऱ्या पिल्लांसाठी घरं शोधून ठेवा. ती मिळत नसतील तर हे वेत घेऊच नका. ही कुत्री घरात शांत असतात, कोथरूड-हडपसरच्या फ्लॅटमध्येही सकाळ-संध्याकाळ फिरवलं तर छान राहतात. नव्या मालकाला एवढं नक्की सांगा: मांजर दिसलं की ते सुटणार, तेव्हा रस्त्यावर दोरी सोडायची नाही. आणि यांची मान डोक्याइतकीच जाड असते, साधा पट्टा सरकून निघतो. रुंद, ओढला की आवळणारा पट्टा पिल्लाबरोबरच द्या.