सिगरेट सोडायचीये? मग आधी टपरीचं काय ते ठरवा

मी चौदा वर्षं ओढली. शेवटी शेवटी दिवसाला बारा-पंधरा, आणि शनिवारी बसलो तर त्याचा हिशोबच नाही. तीनदा सोडली, त्यातल्या दोनदा परत धरली, तिसऱ्यांदा सुटली त्याला आता चार वर्षं झालीत. म्हणजे हे मी डॉक्टर म्हणून लिहीत नाहीये, दोनदा नापास झालेला माणूस म्हणून लिहितोय, पेपरात कुठला प्रश्न अवघड येतो तेवढं मला पक्कं ठाऊक आहे.

तर आधी हे नेमकं काय चाललेलं असतं ते बघू. झुरका मारला की दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं, तिथे डोपामाइन नावाचं रसायन सुटतं आणि बरं वाटतं. मग साधारण दोन तासांत रक्तातलं अर्धं निकोटिन संपतं, आणि मेंदू कुरकुरायला लागतो, लक्ष लागत नाही, उगाच कोणावर तरी खेकसावंसं वाटतं. मग आपण खाली जातो, एक पेटवतो, आणि म्हणतो बघ कसं टेन्शन गेलं. अरे पण त्यातलं निम्मं टेन्शन आधीच्या सिगरेटनेच आणलेलं असतं! सावकाराकडून उसने घेऊन त्याचंच व्याज भरायचं, वर त्यालाच हात जोडायचे, असला प्रकार.

निकोटिनने ठोके वाढतात, बीपी वाढतं, रक्तवाहिन्या आकसतात, आणि मुख्य म्हणजे सवय लागते. पण कॅन्सरचं मोठं काम धुरातल्या बाकीच्या मालाचं. धुरात ७००० च्या वर रसायनं असतात, त्यातली कमीत कमी ७० कॅन्सर करणारी, शिवाय कार्बन मोनॉक्साइड, जो रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. हा फरक लक्षात ठेवा कारण पुढे निकोटिनच्या च्युइंगगमबद्दल सांगणार आहे, आणि तेव्हा कोणीतरी म्हणणारच की मग त्यात आणि सिगरेटीत फरक काय. हाच फरक.

आणि हो, 'लाइट'वाल्यांनी खूश व्हायचं कारण नाही. त्या फिल्टरला बारीक भोकं असतात, तपासणीच्या मशीनवर टार, म्हणजे धुरातला चिकट काळा माल, कमी दिसतं, पण माणूस ओढताना बोटांनी ती भोकं झाकतो, खोल ओढतो, आणि एक जास्त ओढतो. बिडीचंही तेच, पान आहे म्हणून आयुर्वेदिक होत नाही. वेपचं, म्हणजे ई-सिगरेटचं तर बोलायलाच नको, २०१९ पासून आपल्याकडे त्यावर बंदी आहे.

आपल्याकडची अजून एक खास गंमत म्हणजे सिगरेट सोडली आणि तंबाखू धरली. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले ओढणारे मोठे लोक जेमतेम ४ टक्के निघाले आणि खाणारे २४ टक्क्यांच्या वर. म्हणजे चुना मळून हातावर ठेवायला कोणीतरी शेजारी असतोच. नाही म्हणा. सुपारीलाही नाही म्हणा, नुसती सुपारीसुद्धा तोंडाच्या कॅन्सरला कारण आहे. आवळा सुपारी चालेल, पण जिच्यात खरी सुपारी नाही तीच.

आता कामाचं. सोडायच्या आधी एक आठवडा काहीही सोडू नका, फक्त लिहा. मोबाइलमध्ये नोट उघडा आणि प्रत्येक सिगरेटच्या पुढे वेळ आणि कारण टाका. माझं असं निघालं: सकाळी उठल्या उठल्या एक कारण त्याशिवाय पोट साफ होत नाही, ऑफिसला पोचलो म्हणून एक, अकराच्या चहाला दोन, जेवणानंतर एक, साहेबाचा फोन आला म्हणून एक, चारचा चहा परत दोन, घरी निघताना एक, आणि रात्री 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून दोन. आता यात खरी तलफ किती? मी प्रामाणिकपणे मोजलं तर चार, फार तर पाच. बाकीच्या सगळ्या टपरीच्या. म्हणजे कोणीतरी 'चल रे' म्हणालं म्हणून उठलो, उभं राहायला कारण पाहिजे, हाताला काम पाहिजे, साहेबाला शिव्या घालायला जागा पाहिजे.

पहिल्या दोन्ही वेळेला माझी माती इथेच झाली. मी निकोटिनशी भांडत बसलो. ते बिचारं तीन-चार दिवसांत शरीरातून गेलेलं होतं. टपरी कुठे जाणार? ती होती तिथेच होती.

म्हणून टपरीची सोय आधी लावा. चहाचा ब्रेक अजिबात बंद करू नका, तो बंद केला की आपण शिक्षा भोगतोय असं वाटतं आणि दहा दिवसांत माणूस फुटतो. ब्रेक ठेवा, जागा बदला. आमच्या इथे मागच्या गल्लीत एक अमृततुल्य आहे, तिथे सिगरेट मिळत नाही आणि ओढूही देत नाहीत, मी तिकडे जायला लागलो. चार दिवस एकटाच होतो, वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग अकाउंट्सचा एक जण यायला लागला जो कधीच ओढत नव्हता आणि ज्याच्याशी मी सहा वर्षांत 'काय, बरंय ना'च्या पुढे बोललो नव्हतो. ग्रुपला स्पष्ट सांगा की मी सोडतोय, महिनाभर मला हाक मारू नका, आणि मी मागितली तरी देऊ नका. एक जण मुद्दाम तोंडावर धूर सोडेलच, प्रत्येक ग्रुपमध्ये असतो तो.

दुसरा शत्रू म्हणजे सुटी सिगरेट. सप्टेंबर २०२० पासून राज्यात सुटी विकायला बंदी आहे, पण कुठल्याही नाक्यावर जाऊन बघा. अख्खं पाकीट घ्यायचं म्हटलं तर माणूस एकदा तरी विचार करतो, सुटी एक घ्यायला विचार लागतच नाही. त्यामुळे खिशात सुटे पैसे ठेवू नका वगैरे सल्ले मी दिले असते, पण आता यूपीआय आहे, काय करणार. मी माझ्या टपरीवाल्यालाच सांगून टाकलं, 'दादा, मला द्यायची नाही.' तो हसला, पण दोनदा खरंच दिली नाही त्याने.

तारीख कुठली धरायची? दोन आठवड्यांच्या आतली धरा, त्यापुढची तारीख म्हणजे न सोडण्याचीच सोय. आणि इथे श्रावणाबद्दल बोललंच पाहिजे. आपल्याकडे कित्येक जण गटारीला शेवटची ओढतात, श्रावणभर हात लावत नाहीत आणि गणपती आले की परत सुरू. मला हे लोक भारी वाटतात आणि त्यांचा रागही येतो, कारण सगळ्यात त्रासाचे तीन दिवस आणि त्यानंतरचे तीन-चार आठवडे, हे सगळं यांनी देवाच्या नावाने फुकटात पार पाडलेलं असतं! अंगातलं निकोटिन केव्हाच गेलेलं असतं, आणि तरी भाद्रपदात जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. तुम्ही त्यातले असाल तर यंदा फक्त परत सुरू करण्याची तारीख रद्द करा, बाकी तुम्हाला जमतंच.

कमी कमी करत सोडू की एकदम? माझं मत एकदम. कमी करत गेलो की उरलेली एकेक सिगरेट सोन्याची होते, दिवसभर तिचीच वाट बघत बसतो. आदल्या रात्री घर झाडून काढा: लाइटर, अ‍ॅशट्रे, जॅकेटचा आतला खिसा, गाडीची डिक्की, ऑफिसचा ड्रॉवर. घरच्यांना सांगून ठेवा की पंधरा दिवस मी पिसाळल्यासारखा वागेन, मनावर घेऊ नका. माझी बायको म्हणाली, 'म्हणजे नेहमीसारखंच ना?'

पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास टोकाला जातो, मग उतरायला लागतो. तलफ येते तेव्हा वाटतं की आता ही वाढतच जाणार, पण ती तीन ते पाच मिनिटांत ओसरते, घड्याळ लावून बघा, मी बघितलंय. तेवढी पाच मिनिटं कशीही काढायची, गार पाणी घोट घोट प्या, लवंग किंवा बडीशेप तोंडात टाका, जिने चढा-उतरा, आईला फोन करा, काहीही.

एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती ती म्हणजे चहाची. सिगरेटच्या धुरामुळे लिव्हर कॅफिनचा निचरा फार पटापट करत असतं. सिगरेट थांबली की तोच चार कप चहा अंगात जवळजवळ दुप्पट कडक होऊन बसतो, मग छाती धडधडते, झोप येत नाही, हात थरथरतात, आणि आपण म्हणतो सिगरेट सोडल्याने होतंय, ओढली की बरं वाटेल. पहिल्या दिवसापासून चहा-कॉफी निम्म्यावर आणा. कटिंग घ्या, फुल नको. याच कारणामुळे मानसिक आजारावरच्या किंवा दम्याच्या काही औषधांचं प्रमाणही बदलावं लागतं, तुम्ही अशा गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगूनच सोडा.

पोटाचंही सांगतो. निकोटिनने आतड्यांना रेटा मिळत असतो, तो बंद झाला की दोन-तीन आठवडे कुंथत बसायला लागतं. कित्येक लोक 'पोट साफ होत नाही यार' म्हणून परत धरतात, सांगत मात्र नाहीत. रात्री इसबगोल, सकाळी उठल्यावर दोन ग्लास कोमट पाणी, आणि पेपर घेऊन निवांत बसा. खोकला उलट वाढू शकतो, तोंड येऊ शकतं, विचित्र स्वप्नं पडतात. मला स्वप्नात मी ओढतोय असं दिसायचं आणि घाबरून जाग यायची. दोन-चार आठवड्यांत बहुतेक सगळं निवळतं. वजन मात्र वाढतं, वर्षभरात सरासरी चार-पाच किलो, पण त्याच महिन्यात डाएट सुरू करू नका, एका वेळी एकच युद्ध.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली पेटवत असाल तर व्यसन जड आहे असं समजा आणि मदत घ्या, त्यात कमीपणा काही नाही. केमिस्टकडे निकोटिनचं च्युइंगगम मिळतं, २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये, तुम्हाला किती लागेल ते विचारून घ्या. पण ते च्युइंगगमसारखं चघळायचं नसतं! दुसऱ्या वेळेला मी ते कचाकचा चघळलं, उचक्या लागल्या, मळमळलं आणि पाकीट फेकून दिलं. दोन-चारदा हळू चावायचं, झिणझिणी किंवा तिखट चव आली की गालात दाबून ठेवायचं, चव गेली की परत चावायचं, असं अर्धा तास. गम तोंडात टाकायच्या आधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना चहा, कॉफी, कोल्ड्रिंक नको, नाहीतर निकोटिन तोंडात शोषलं जात नाही. पॅचही असतो. ब्युप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिन अशी औषधं आहेत पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच, आणि फिट येण्याचा इतिहास असेल तर तो लपवू नका. गरोदर बाई किंवा हार्टचा पेशंट असेल तर गमसुद्धा विचारूनच.

फोनवर बोलायचं असेल तर १८००-११-२३५६, फुकट आहे, तो नंबर तुमच्या पाकिटावरच छापलेला असतो, आपण फोटो झाकून पाकीट धरतो म्हणून दिसत नाही. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला तर मोबाइलवर मेसेज येत राहतात.

फायदे पटकन सांगतो. वीस मिनिटांत ठोके उतरायला लागतात, एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड जातो, काही महिन्यांत दम लागणं कमी, वर्षभरात हार्टचा जादाचा धोका निम्म्यावर, दहा वर्षांत फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्म्यावर. मला स्वतःला सगळ्यात आधी जाणवला तो वास, आठव्या दिवशी शेजारच्यांच्या फोडणीतला हिंग ओळखला मी. पैशाचं तुम्हीच बघा, दिवसाला दहा आणि एक वीस रुपयांना धरली तर वर्षाचे ७३,००० होतात.

महिना गेला की पहिल्या दिवसांसारखी तलफ नसते, तेव्हा धोका असतो तो दारूचा आणि लग्नाचा. पहिले दोन-तीन महिने बैठकीला जाऊच नका, गेलात तर न ओढणाऱ्याच्या शेजारी बसा. मी दुसऱ्या वेळेला चार महिने काढले होते आणि चुलत भावाच्या हळदीच्या रात्री 'एकच' ओढली. त्या एकीने काही झालं नसतं खरं तर. झालं ते दुसऱ्या दिवशी, मी म्हणालो आता मोडलंच आहे तर पाकीटच घेऊ. तिसऱ्या वेळेलाही एकदा घसरलो, एक ओढली, पण या वेळेला त्याच रात्री नोटमध्ये लिहिलं, कुठे, कोणाबरोबर, का, आणि सकाळी मोजणी पुढे चालू ठेवली, पहिल्या दिवसावर गेलोच नाही.

आणि अशा घसरणीत पाकीट घेतलंच असेल तर उरलेल्या नऊ नळाखाली धरून पार भिजवून टाका. नुसत्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, मी रात्री साडेअकराला कांद्याच्या सालांखालून काढून ओढलीये.