फुटलेल्या जोडाक्षरांवर चालणारं घर

सांगलीतल्या एका छापखान्यात मी सहा वर्षं डीटीपी केलं. लग्नपत्रिका, हँडबिलं, आणि सप्टेंबर जवळ आला की पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. २०१८ मध्ये फायव्हरवर, म्हणजे जगभरातली सुटी कामं मिळवून देणाऱ्या वेबसाइटवर, खातं काढलं तेव्हा सगळे टाकतात तेच मीही टाकलं: लोगो आणि डेटा एन्ट्री. चार महिन्यांत काम आलं एक, १५ डॉलरचं. फायव्हर २० टक्के कापतं, उरले १२. तेही काम संपल्यावर १४ दिवसांनी मोकळे होणार. रुपयांत आठशेच्या आसपास. आमचे मालक पत्रिकेच्या एका ऑर्डरला याहून जास्त घेत.

मग अपवर्क या तशाच दुसऱ्या वेबसाइटवर गेलो. तिथे अर्ज करायलाही ‘कनेक्ट्स’ लागतात, एक कनेक्ट १५ सेंटचा, आणि एका अर्जाला ते बरेच जातात. त्यामुळे दिसेल तिथे अर्ज टाकणं परवडेना. नाइलाजाने जाहिराती नीट वाचायला लागलो, आणि तिथेच माझं नशीब होतं म्हणा.

युरोपातल्या एका भाषांतर संस्थेला चाकणच्या कारखान्यासाठी मराठी सुरक्षा पुस्तिका हवी होती. भाषांतर तयार होतं, पानं लावायची होती. सोबत कुणीतरी लावलेलं नमुना पान जोडलेलं. मी उघडलं आणि हसू आलं. ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी भलत्याच अक्षरामागे, ‘यंत्र’चा त्र फुटलेला, सगळीकडे पाय मोडलेली अक्षरं. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर नेहमीच्या कंपोजरवर (अक्षरं-ओळी जुळवणाऱ्या सोयीवर) ठेवला की देवनागरी अशी विस्कटते. ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ निवडला की जुळते. दोन क्लिकचं काम. पण मजकूर फुटलाय हे ओळखणारं माणूसच त्यांच्याकडे नव्हतं!

मी चार ओळींचा अर्ज लिहिला. त्यांच्याच पानावर तीन ठिकाणी लाल गोल केले आणि तेच पान दुरुस्त करून शेजारी जोडलं. ‘डिअर सर, आय ॲम हार्डवर्किंग’ वगैरे काही नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं.

नव्या माणसाला मी हेच सांगतो, की आपल्याला जे डोळे झाकून येतं म्हणून आपण ज्याला किंमत देत नाही, ते आधी कागदावर लिहून काढा. लोगो करणारे जगभर आहेत. श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेली फाइल त्या फॉन्टशिवाय उघडली की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा रूपात आणून, कन्व्हर्टरने खाल्लेले रफार परत लावणारे किती? माझ्या पहिल्या वर्षाचं निम्मं काम हेच होतं.

पैशांचं थोडं. ठरावीक रकमेच्या कामात ग्राहकाने रक्कम आधी एस्क्रोत, म्हणजे काम होईपर्यंत वेबसाइटकडे राखून, भरलेली दिसल्याशिवाय फाइल उघडूही नका. मी एकदा ‘उद्या भरतो’वर विश्वास ठेवून ४० पानं लावून दिली. तो उद्या अजून यायचाय. टेलिग्रामवर या म्हणणारा, नोंदणीचे किंवा डिपॉझिटचे पैसे मागणारा, फुकट ‘टेस्ट’ म्हणून दहा पानं देणारा, या तिघांना उत्तरही देऊ नये. नमुना एका पानाचा, आणि तोही वॉटरमार्क टाकून. अपवर्कचं कमिशन २०२३ पासून सरसकट १० टक्के होतं, मे २०२५ पासून नव्या करारांना ते ० ते १५ टक्क्यांमध्ये कितीही असतं. दर सांगताना ते आणि बँकेचं चलन-रूपांतर दोन्ही धरा. डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म पाहून घाबरू नका. आपण अमेरिकेचे करदाते नाही, एवढंच तो सांगतो.

आणि भारतात मात्र आपण करदाते आहोत! बाहेरून आलेल्या प्रत्येक रकमेचा दाखला डाउनलोड करून ठेवा, वर्षाचा कर दहा हजारांच्या वर जाणार असेल तर आगाऊ कराचं बघा, आणि पहिल्याच वर्षी सीए गाठा. त्याची फी जड वाटते, द्या.

छापखाना मी लगेच सोडला नाही. दीड वर्ष दोन्ही चालवलं. युरोपची वेळ बरी पडते, त्यांची सकाळ म्हणजे आपली दुपार. अमेरिकेच्या ग्राहकाने मात्र माझी झोप खाल्ली. सलग सहा महिने छापखान्याच्या पगाराच्या दीडपट मिळाल्यावर मालकांना सांगितलं. अहवालांच्या दिवसांत अजूनही ते फोन करतात, मी जातो.

पुढे घरासाठी कर्ज काढायला गेलो तेव्हा साहेबांनी पगाराची स्लिप मागितली. नाही म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षांची रिटर्न्स आणि दाखल्यांची जाड फाइल टेबलावर ठेवली. ‘म्हणजे नक्की करता काय?’ मी मोबाइलवर ते जुनं नमुना पान दाखवलं. त्यांनी ‘स्थिती’ वाचायचा दोनदा प्रयत्न केला. कर्ज मागितलं त्याच्या पाऊणपट मंजूर झालं.