परसात मांसासाठी कोंबडी: पिल्लू घेताना जीभ बघा

परसात मांसासाठी कोंबड्या पाळायच्या असतील तर गिरिराज किंवा वनराजा या जाती घ्या. रंगीत पिसं, जाड पिवळसर पाय, अंगानं भरदार. मोकळ्यावर चरतात आणि गावरानपेक्षा लवकर वजन धरतात. पांढरा ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोच्या घरात जातो, पण तो खाद्याच्या भांड्यापाशीच बसून राहतो. उकिरडा उकरून पोट भरणं त्याच्याकडून होत नाही. परसाला तो नकोच.

कडकनाथ म्हणून काळं पिल्लू कुणी गळ्यात मारत असेल तर चोच उघडून जीभ बघा, पाय आणि कातडीही बघा. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या अस्सल कडकनाथात हे सगळं काळपट असतं. नुसत्या काळ्या पिसांना भुलू नका. आणि त्याचं वजन सावकाश वाढतं, हेही धरून चाला.

पहिला आठवडा ऊब सांभाळा, साधारण ३५ अंश. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात: बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय, चोच उघडी टाकून कडेला पांगली तर उकडतंय. बल्ब वर-खाली करा. मानमोडी म्हणजे राणीखेत रोगावरची लासोटा लस पहिल्याच आठवड्यात, पाचव्या ते सातव्या दिवशी द्या. ती चुकवू नका, रोग शिरला की सगळा खुराडा रिकामा होतो.