जुनी एस्टीम आणि ४०२ मीटर: कमी पैशात ड्रॅगची गाडी

बाबांची २००१ची मारुती एस्टीम आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत उभी असायची, सीएनजी लावलेली, डिकीत सिलिंडर, त्याच्या वर कुणीतरी कधीतरी बसवलेला सबवूफर. ती विकायच्या ऐवजी मी मागून घेतली आणि तिच्यावर ड्रॅग शिकलो, म्हणजे उभ्या गाडीने सुटून सरळ ४०२ मीटर (पाव मैल) कमीत कमी वेळात कापायचं, आणि आजही सोमवारी महापेला ऑफिसला तीच घेऊन जातो. ओळखीतली बरीच पोरं विचारतात की जुनी गाडी आहे, पन्नास-साठ हजार आहेत, काय काय करू, म्हणून सगळं एकदाच नीट लिहितोय.

आधी गाडी कुठली ते. पद्मिनी माझ्या मनातली गाडी आहे पण १०८९ सीसीचं इंजिन आणि चाळीसच्या आसपास बीएचपी, तिच्यातून वेळ काढायला जेवढे पैसे लागतील तेवढ्यात दुसरी गाडी येते. ११८ एनई मागच्या चाकांवर चालते, निस्सानचं इंजिन आहे, ड्रॅगला मस्त, पण पार्ट शोधण्यात वर्ष जातं. एस्टीमचं तसं नाही, १३०० सीसीचं इंजिन, सुरुवातीच्या १९९४च्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीत ६५ बीएचपी आणि १९९९पासूनच्या १६ व्हॉल्व्ह एमपीएफआयमध्ये (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या गाडीत) ८५, वजन नऊशे किलोच्या आसपास, आणि पार्ट कुर्ल्याच्या सीएसटी रोडला फिरलात तर अजून मिळतात. मिळाली तर १६ व्हॉल्व्हवालीच घ्या.

आता जे मला कुणी वेळेवर सांगितलं नाही ते. मी पहिले पैसे १५ इंची अलॉय आणि फ्री फ्लो सायलेन्सरवर घातले आणि गाडी आधीपेक्षा हळू झाली. मोठं चाक जड असतं, त्याचा घेर वाढला की गिअरिंग लांब होतं, आणि जाड पाइपमुळे कमी आरपीएमची ओढ (टॉर्क) जाते, तीनही गोष्टी नेमक्या सुटताना आडव्या येतात. ड्रॅगचा वेळ पहिल्या ६० फुटांत ठरतो, तिथे एक दशांश सेकंद वाचला तर शेवटी साधारण दीड-दोन दशांश वाचलेले दिसतात. म्हणून पैशाचा क्रम असा धरा की आधी इंजिनची तब्येत, मग वजन, मग टायर, आणि पॉवर सगळ्यात शेवटी.

तब्येत म्हणजे कॉम्प्रेशन टेस्ट, सिलिंडरमध्ये दाब किती बनतो ते बघायची. चारही सिलिंडरचं रीडिंग घ्या, सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांच्या वर फरक असेल तर कमी असलेल्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत बघा, रीडिंग वर आलं तर रिंगा गेल्यात, नाही आलं तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट. असं इंजिन असेल तर बाकी काही घ्यायच्या आधी तेच उघडा. टायमिंग बेल्ट, प्लग, प्लगच्या वायरी, क्लच प्लेट बदलून टाका. आणि इंजिन माउंट, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते, याच्याकडे कुणी बघतच नाही. माझ्या गाडीला एका गॅरेजने लोकल माउंट टाकलेलं, तिसऱ्यांदा जोरात सुटताना ते फाटलं, इंजिन उड्या मारायला लागलं, पुढची चाकं जमिनीवर आपटत धरायची-सोडायची आणि त्यात उजवीकडचा ड्राइव्ह शाफ्ट तुटला. मी सुटायच्या जागेवरच उभा आणि गाडी टो करून घरी आली. माउंट ओरिजिनलच घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी.

पेट्रोलचं पण बघा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे रबरी पाइप त्यासाठी बनलेलेच नव्हते, ते मऊ पडतात, तडे जातात, गरम इंजिनजवळ पेट्रोल ठिबकणं म्हणजे आग. टाकीपासून पुढचे सगळे रबरी पाइप नवीन टाका. कार्ब्युरेटरवाली गाडी या पेट्रोलवर लीन चालते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं) त्यामुळे कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा मेन जेट एक साइज मोठा लागू शकतो, एमपीएफआय स्वतः जमवून घेते.

आता वजन, यात फुकटात सगळ्यात जास्त मिळतं. वेळेचा अंदाज काढायचं एक जुनं सूत्र आहे, गाडी आणि ड्रायव्हरचं मिळून किलोतलं वजन भागिले बीएचपी, त्याचं घनमूळ, गुणिले ७.५८. सीएनजी सिलिंडर आणि ड्रायव्हर धरून एस्टीम १००० किलो पकडा, ८५ बीएचपी, म्हणजे साधारण १७.२ सेकंद. शंभर किलो काढलेत की १६.६. तेच इंजिनमधून काढायचं तर साडेनऊ बीएचपी जास्त लागतील, आणि बिना टर्बोच्या १३०० सीसीत तेवढे काढायला किती पैसे जातात ते एकदा विचारून बघा. सिलिंडर त्याच्या स्टँडसकट पन्नास-साठ किलो भरतो, मग सबवूफर-ॲम्प्लिफायर, मागची सीट, स्टेपनी, जॅक, आणि ४० लिटरची टाकी भरलेली न ठेवता दहा लिटर ठेवलीत की अजून वीस-बावीस किलो. हे बहुतेक सगळं मागचं वजन आहे आणि एस्टीम पुढच्या चाकांवर चालते, म्हणजे पकड देणाऱ्या चाकांवरचा भार तसाच राहतो, त्यामुळे फायदा डबल. सीट, स्टेपनी जागेवर पोचल्यावर काढा, रस्त्यावर स्टेपनीशिवाय जाऊ नका. सीट बेल्ट, बंपरच्या आतला लोखंडी बीम, ब्रेकचं काहीही, याला हात लावायचा नाही. सीएनजी किट कायमचं काढलंत तर वाशी किंवा ठाणे आरटीओत आरसीवर तशी नोंद करून घ्या. बाकी पण काही मोठं करायच्या आधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर बदल चालत नाहीत, आणि रोजची गाडी असेल तर फिटनेस, रिन्युअल सगळं तुम्हालाच करायचंय.

टायर १३ इंचीच ठेवा, मऊ कंपाउंडचे आणि ताजे. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष, त्यात चार-पाच वर्षं जुना टायर दिसला तर घेऊ नका, नक्षी नवी असली तरी रबर कडक झालेलं असतं. गाडी सुटते तेव्हा वजन मागे जातं आणि पुढची चाकं हलकी होतात, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला हे वरदान, आपल्याला अडचण. म्हणून गाडी मागे बसू द्यायची नाही. मागचे शॉक ॲब्झॉर्बर नवीन घ्या, मागच्या स्प्रिंगमध्ये ते रबरी बफर मिळतात ते बसवा, मागच्या टायरमध्ये ३८-४० हवा आणि पुढे २४ पासून सुरू करून एक-एक पीएसआय खाली-वर करत बघा. खूप कमी केलीत तर शेवटाला १२०च्या पुढे गाडी डुलते, ते धोक्याचं आहे. फूट पंप आणि स्वतःचा गेज जवळ ठेवा.

यातून पैसे उरले तरच पॉवर. एअर फिल्टरला इंजिनच्या गरम हवेऐवजी बाहेरची थंड हवा मिळेल असा पाइप ओढा, फिल्टर कागदीच पण नवा. मग ४-२-१ हेडर (इंजिनमधून धूर बाहेर नेणारे चार पाइप आधी दोन आणि मग एक होतात तो), वागळे इस्टेटला किंवा रबाळ्याला चांगला फॅब्रिकेटर गाठून, त्याच्या पुढे पावणेदोन इंची पाइप पुरे. फ्लायव्हील लेथवर हलकं करून घ्या म्हणणारे भेटतील, पण छोट्या इंजिनला सुटताना फ्लायव्हीलचं वजनच मदत करतं, आणि कास्ट फ्लायव्हील जास्त उतरवलं तर वरच्या आरपीएमला फुटू शकतं, ते तुमच्या पायाजवळ असतं. नायट्रसचा (पॉवर वाढवायला इंजिनात सोडायचा गॅस) तर विषयच नको या बजेटमध्ये.

नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर रात्री जाऊन टेस्ट करायची नाही. मी स्वतः तिथे अपघातानंतरचा रस्ता बघितलाय, काचा आणि एक चप्पल. रस्त्यावर रेसिंग करण्याबद्दल त्याच कायद्याचं कलम १८९ आहेच, आणि रेसिंगमध्ये झालेलं नुकसान इन्शुरन्स देत नाही, पण त्यापेक्षा तिथे कुणीतरी रस्ता ओलांडत असतं. एफएमएससीआयची (देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना) परवानगी असलेली इव्हेंट शोधा, आपल्याला जवळची म्हणजे लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेली व्हॅली रन. अशी तारीख लागली की पैसे साठवा. एक लक्षात ठेवा, लोणावळ्याचा तो भाग समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे, हवा विरळ, सहा-सात टक्के पॉवर तिथेच जाते, आणि ठाण्यात सेट केलेला कार्ब्युरेटर वर रिच चालतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं. सूत्राने काढलेल्या वेळेशी तुलना करून निराश होऊ नका.

सुटायच्या आधी टायरला लागलेली खडी-माती झटकायला एक छोटा स्पिन पुरे, पाण्यात टायर घालू नका, रस्त्याच्या टायरच्या नक्षीत पाणी अडकतं आणि नेमकं सुटताना खाली येतं. सुटायच्या रेषेवर (स्टेजला) चाक प्रकाशाच्या किरणात (बीममध्ये) आलं की दिवे लागतात, त्यातला दुसरा दिवा लागला की लगेच थांबा, अजून पुढे सरकू नका, कारण घड्याळ चाक बीममधून बाहेर पडल्यावर सुरू होतं आणि तेवढ्या इंचांचा वेग तुम्हाला फुकट मिळतो. हिरवा दिवा बघून तुम्ही किती उशिरा निघालात ते या वेळेत धरत नाहीत, शेजारी दुसरी गाडी असेल तेव्हा मात्र त्यावरही हारजीत ठरते. ३००० आरपीएमपासून सुरू करा, क्लच पटकन सोडायचा नाही, अर्ध्यावर क्षणभर धरून मग सोडायचा, टायर थोडा किंचाळला तर चालेल, सतत फिरत राहिला तर पुढच्या वेळी ३०० आरपीएम कमी. प्रत्येक रननंतर वहीत ६० फुटांचा वेळ, टायरची हवा, आरपीएम लिहा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

निघताना चारही टायरमधली हवा परत नेहमीइतकी करा, स्टेपनी, जॅक जागेवर, चाकांचे नट टाइट आहेत का बघा, ऑइलची लेव्हल बघा. दिवसभर ब्रेक तापलेले असतात, त्यामुळे अर्धा तास थांबून चहा घ्या आणि खंडाळ्याचा घाट खालच्या गिअरमध्ये उतरा.